भक्तीचा वेष

२०२४ च्या शरद ऋतूंत मी मुलीकडे अमेरिकेस गेलों होतों. तेथें असतांना एका संध्याकाळीं आमच्या जांवयांनीं मला एका जलशास नेलें. परत आल्यावर त्या जलशाची हकीकत मीं महाविद्यालयांतील स्नेह्यांस सांगितली, तेव्हां निम्मे हंसले आणि उरलेल्यांनीं माझ्या कानांची चौकशी केली. दोन्ही गोष्टी अपेक्षितच होत्या. पन्नाशी उलटलेल्या, सारें आयुष्य नीतिशास्त्र शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें 'हेवी मेटल' नांवाचें संगीत ऐकावयास जावें हेंच आधीं विनोदी. आणि त्या संगीतांतून येशू ख्रिस्ताचें नामसंकीर्तन चालावें हें त्याहून विनोदी. परंतु त्या रात्रीं माझ्या हातून एक लहानशी कृति घडली, आणि गेलीं बारा वर्षें माझ्या मनांत रुतून बसलेला एक प्रश्न तिनें पुन्हां उकरून काढला. तो वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख.

ज्यांस या संगीताची ओळख नसेल त्यांच्याकरितां चार शब्द लिहिणें अवश्य आहे. 'हेवी मेटल' म्हणजे शब्दशः जड धातु. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरांत १९७० च्या सुमारास तें आकारास आलें. 'ब्लॅक सॅबथ' ही या पंथाची आद्य मंडळी. तिचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. तेथील यंत्रांत त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. त्यानें बोटांना टोपणें बसविलीं, हलक्या तारा घेतल्या, आणि पुढें त्या सैल लावून वाजविण्यास सुरुवात केली. त्या सैल तारांचा खर्जांतला, खरखरीत, विजेनें शतपट वाढविलेला नाद हा या संगीताचा पाया होऊन बसला. त्यावर ढोलांचा मारा आणि किंकाळीपर्यंत चढणारा पुरुषाचा आवाज. विषय बहुधा युद्ध, मरण, वेड आणि सैतान. सैतानाशीं या लोकांची खरोखर कितपत घसट होती हा प्रश्न वेगळा. याच ब्लॅक सॅबथनें १९७१ मध्यें ईश्वराची बाजू घेणारें एक गाणेंहि केलें आहे. पण बाहेरच्या जगानें नांव आणि वेष पाहून निकाल दिला. १९८५ च्या सप्टेंबरांत तर अमेरिकेच्या सीनेटच्या एका समितीपुढें अशा गाण्यांच्या शब्दांची रीतसर सुनावणी झाली.

नेमक्या याच काळांत कॅलिफोर्नियांतील ऑरेंज काउंटींत चार तरुणांनीं हें संगीत देवाच्या कामास लावण्याचें ठरविलें. मायकेल आणि रॉबर्ट स्वीट हे दोघे भाऊ, त्यांच्याबरोबर ऑझ फॉक्स आणि टिम गेन्स. १९८३ मध्यें त्यांची मंडळी उभी राहिली. जुनें नांव टाकून तिनें 'स्ट्रायपर' हें नांव घेतलें, आणि १९८४ मध्यें तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. नांवाचा उगम यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायांत आहे. त्या अध्यायांत दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या अंगावरील फटक्यांनीं इतरांना आरोग्य मिळतें. जुन्या इंग्रजी भाषांतरांत तेथें जो शब्द आहे त्याचा अर्थ चाबकाचा वळ असा होतो आणि कापडावरचा पट्टा असाहि होतो. या श्लेषावरून त्यांनीं नखशिखांत पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा पोषाख केला. पाठीवर रुळणारे केस, अंगाला चिकटलेलीं वस्त्रें, वाद्यांवरहि तेच पट्टे, आणि तोंडीं ख्रिस्ताचें नांव! देवीच्या नांवानें स्वतःच्या अंगावर आसूड ओढणाऱ्या आमच्या पोतराजानें हें पाहिलें असतें तर त्याला यांत फारसें नवल वाटलें नसतें. सभ्य लोकांना मात्र वाटलें. १९८६ सालची त्यांची 'टु हेल विथ द डेव्हिल' ही ध्वनिमुद्रिका लाखांनीं खपली. जलशांत ते नव्या कराराच्या लहान प्रती श्रोत्यांत फेकीत. आणि मार मात्र दोन्ही बाजूंनीं खात. हेवी मेटलच्या रसिकांना देवाचें नांव सोसेना, देवाच्या लोकांना हेवी मेटल सोसेना.

स्वीट बंधूंचें कुटुंब जिमी स्वॅगर्ट या प्रवचनकाराचीं दूरचित्रवाणीवरील प्रवचनें ऐकून श्रद्धेकडे वळलें होतें. त्याच स्वॅगर्टनीं १९८७ मध्यें धार्मिक रॉक संगीताविरुद्ध एक पुस्तकच लिहिलें आणि त्याला मेंढराच्या कातड्यांतला लांडगा ठरविलें. पुढच्याच वर्षीं या प्रवचनकारांवर भर सभेंत अश्रु ढाळून स्वतःच्या पापाची कबुली देण्याची पाळी आली. या योगायोगाची पुष्कळांना मोठी मौज वाटते. मला वाटत नाहीं. वैद्य आजारी पडला म्हणून त्याचें निदान चुकीचें ठरत नाहीं, आणि स्वॅगर्टनीं घेतलेला आक्षेप आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनांत आहेच.

आक्षेप असा कीं, वेष आणि आशय हीं भांडें आणि दूध यांसारखीं वेगळीं नसतात. जें संगीत उन्माद, दर्प आणि बंड यांना वाचा फोडण्यासाठींच जन्मास आलें, त्यांत देवाचें नांव घातल्यानें संगीत पवित्र होत नाहीं, नांव मात्र बाटतें. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्यांतून कांहीं स्वरावल्या हद्दपार केल्या त्या याच तर्कानें. पण या बाबतींत मला प्लेटोपेक्षां ऑगस्टीन अधिक जवळचा वाटतो, कारण तो दुसऱ्यावर आरोप करीत नाहीं, स्वतःची झडती घेतो. आपल्या 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागांत तो कबूल करतो कीं, स्तोत्रें ऐकतांना कित्येकदां गाइलेल्या अर्थापेक्षां गाणेंच आपणांस अधिक हलवितें. असें झालें म्हणजे आपण अपराधी आहों असें त्याला वाटतें, आणि त्यापेक्षां तें गाणें ऐकलेंच नसतें तर बरें, असें तो म्हणतो. आणि तरी गाणें बंद करा असें तो म्हणत नाहीं. त्याचें मन हेलकावे खातें, आणि तें हेलकावे खात असतांना तो आपणांस पाहूं देतो.

इतिहास मात्र आक्षेपकांच्या बाजूचा नाहीं. पंधराव्या शतकांत युरोपांत शस्त्रधारी माणसाविषयींचें एक लौकिक गाणें लोकांच्या तोंडीं होतें. त्याच्या चालीवर द्युफे, जोस्कँ, पालेस्त्रीना यांच्यासारख्या संगीतकारांनीं मिळून चाळिसाहून अधिक वेळां 'मास' या पवित्र विधीचें संगीत रचलें. वर अत्यंत गंभीर पूजा चालली आहे आणि खालून शिपाईगड्याची चाल वाहते आहे! १५६२ मध्यें ट्रेंटच्या धर्मसभेनें पूजेंतील असल्या लौकिक भेसळीविरुद्ध ताकीद दिली, आणि तरीहि पालेस्त्रीनाची त्या चालीवरची रचना १५७० मध्यें छापून निघाली. आपणांस तर एवढें दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. ज्या राम जोश्यांनीं लावण्यांनीं फड गाजविले त्यांनींच पुढें मोरोपंतांची कविता कीर्तनांत रंगविली, गळा तोच. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर ख्रिस्ताचें गुणगान करण्यास अभंग घेतला, ओवी घेतली, कीर्तन घेतलें. तेव्हांहि दोन्हीकडच्या कपाळांना आठ्या पडल्या असतील.

टिळकांचें नांव येथें सहज आलेलें नाहीं. आमचे जांवई अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, एका जुन्या मराठी ख्रिस्ती घराण्यांतले. त्यांची आजी टिळकांचे अभंग म्हणत असे, एवढें मुलीकडून मला ठाऊक होतें. लग्नाला सात वर्षें झालीं होतीं, आणि या सात वर्षांत त्यांच्या श्रद्धेविषयीं मीं त्यांना एक अक्षर विचारलें नव्हतें. याला मी सौजन्य समजत असें. मुलगी म्हणते, तो माझा भित्रेपणा होता. मुलींना वडिलांविषयीं असें बोलण्याचा अधिकार असतो.

जलशाची जागा म्हणजे एक जुनें नाट्यगृह. खुर्च्या काढून टाकलेल्या, मागच्या भिंतीशीं बार. मला वाटलें होतें सारीं पोरेंटोरें असतील. होते ते बहुतेक माझ्याच वयाचे: टक्कल पडलेले, पोट सुटलेले, तरुणपणींचे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे सदरे अंगावर ताणून बसविलेले. कांहींनीं मुलें आणलीं होतीं, त्यांच्या कानांवर आवाज अडविणारे जाड हेडफोन. प्रवेशद्वाराशीं नव्या सदऱ्यांची विक्री जोरांत चालली होती. माझ्यांतल्या प्राध्यापकानें लगेच टांचण केलें: व्यापार. जांवयांनीं खिशांतून मऊ बोळे काढून माझ्या हातावर ठेवले. "कानांत घाला, बाबा, आणि शेवटपर्यंत काढूं नका. संकोच नको, सगळेच घालतात."

पहिला आघात झाला तो कानांवर नव्हे, छातीवर. गणपतीच्या मिरवणुकींत लक्ष्मी रस्त्यावर ढोलताशांच्या पथकाशेजारीं जो उभा राहिला असेल त्याला हा अनुभव नवा नाहीं. आपल्या बरगड्या हेंहि एक वाद्य आहे असें त्याला तेथें कळलेलें असतें. थोरला भाऊ रॉबर्ट ढोलांचा संच आडवा मांडून, श्रोत्यांकडे बाजू करून बसतो, त्यामुळें त्याचे हात आणि पाय दोन्ही चाललेले दिसतात. त्याला पाहतांना मला लोहाराची आठवण झाली. धाकटा मायकेल गातो. त्याचें वय तेव्हां एकसष्ट. यांतलीं पुष्कळ गाणीं त्यानें विशी-पंचविशींत रचलीं आणि त्या वेळच्या गळ्याच्या मापानें रचलीं. त्यांतले वरचे स्वर तरुण माणसालाहि सहज पेलणारे नाहींत. दोनतीन वेळां तसा स्वर जवळ आला कीं तो डोळे मिटून, मान किंचित् मागें टाकून क्षणभर थांबे, आणि मग त्यावर जाई. स्वर लागे. पण त्या लागण्यापेक्षां तें थांबणेंच माझ्या अधिक लक्षांत राहिलें.

चाळीस वर्षें तेंच म्हणत राहणें ही काय गोष्ट आहे याचा मी विचार करूं लागलों. (इतक्या गोंगाटांत विचार करतां येतो हें मला नवें ज्ञान झालें.) हीं चाळीस वर्षें सरळ गेलीं असें नाहीं. १९९० मध्यें त्यांनीं पट्टे टाकले, आणि त्या वर्षींच्या ध्वनिमुद्रिकेंतून देवाचें उघड नांवहि जवळजवळ नाहींसें केलें. १९९२ मध्यें मायकेल बाहेर पडला आणि पुढें मंडळी मोडली. पुन्हां एकत्र दौऱ्यावर निघण्यास २००३ साल उजाडलें. २०१७ पासून टिम गेन्सच्या जागीं पेरी रिचर्डसन आहे. २०१८ मध्यें ऑझ फॉक्सला लास व्हेगास येथें वाजवीत असतांनाच झटका आला. पुढें तपासांत मेंदूंत गाठी निघाल्या. तो माणूस माझ्यापासून पंचवीस हातांवर उभा राहून गिटार वाजवीत होता आणि मधूनमधून हंसत होता. मोडून पुन्हां धरलेलें व्रत अखंड व्रताहून हलकें, असें आपण सहसा मानतों. मला त्या रात्रीं उलट वाटलें. त्यांना तें टाकतां येत होतें, याचा पुरावा त्यांनीं एकदां देऊन ठेवला होता. ज्याला सोडतांच येत नाहीं त्यानें धरून ठेवलें यांत त्याचें काय मोठें?

राहिला पैशाचा प्रश्न. तुकोबांचा निकाल कठोर आहे. जेथें कीर्तन करावें तेथलें अन्नहि कीर्तनकारानें घेऊं नये, मग बिदागीची गोष्टच नको. या मापानें स्ट्रायपर नापास, आमचे बहुतेक कीर्तनकार नापास, आणि नीति शिकवून महिन्याच्या महिन्याला वेतन उचलणारा मीहि नापास. कर्तव्याविषयींची कान्टची उपपत्ति मीं अठ्ठावीस वर्षें शिकविली आहे. त्यांतल्या कोणत्या वर्षीं ती मला खरोखर पटलेली होती आणि कोणत्या वर्षीं तास भरून काढावयाचा होता, हें कोणी विचारलें तर मला सांगतां येणार नाहीं. विद्यार्थ्यांना तर तें कधींच कळलें नसेल.

इतक्यांत ग्रंथ फेकण्यास सुरुवात झाली. जांवयांनीं मला याची कल्पना दिली होती, तरी प्रत्यक्ष पाहतांना मीं अंग चोरलें. आपण ज्या संस्कारांत वाढलों त्यांत ग्रंथ फेकीत नाहींत. चुकून पाय लागला तर नमस्कार करतात. बीजगणिताच्या पुस्तकालाहि करतात. येथें लहान लहान पुस्तकें माणसांच्या डोक्यांवरून उडत होतीं आणि लोक चेंडू झेलावा तशीं तीं झेलीत होते. एक पुस्तक कोणाच्या तरी बोटांना लागून निसटलें आणि माझ्या बुटापाशीं ओल्या फरशीवर पडलें. मीं वांकून तें उचललें, सदऱ्याला पुसलें आणि कपाळाला लावलें.

मीं केलें असें मी म्हणतों खरा; पण करण्याचा विचार मीं केला नव्हता. हात कपाळाशीं पोंचल्यावर मला तें कळलें. ज्या ग्रंथावर माझी श्रद्धा नाहीं, आणि ज्या धर्मांत माझा जन्महि नाहीं, त्याला मीं वंदन केलें होतें. शेजारीं पाहतों तों जांवई माझ्याकडे टक लावून पाहत होते.

आतां तो बारा वर्षांपूर्वींचा प्रश्न. माझे वडील शेवटच्या दुखण्यांत होते. बोलणें बंद झालें होतें, समज शाबूत होती. त्यांनीं खुणेनें विष्णुसहस्रनामाची पोथी दाखविली. तें स्तोत्र लहानपणीं त्यांनींच माझ्याकडून पाठ करून घेतलेलें. पण महाविद्यालयांत ह्यूम आणि मिल वाचल्यापासून मीं तें म्हणण्याचें सोडलें होतें, आणि हें त्यांना ठाऊक होतें. पंचवीस वर्षें आम्हीं दोघांनीं त्या विषयावर बोलण्याचें टाळलें होतें. मीं पोथी उघडली आणि म्हणूं लागलों. सात दिवस रोज म्हटलें. एकदां माझ्याकडून एक नांव गळलें, तेव्हां त्यांनीं पांघरुणावर बोटानें हलकेंच टिचकी मारली. मीं मागें जाऊन तें नांव घेतलें. आठव्या दिवशीं ते गेले.

तेव्हांपासून मला वाटत आलें आहे कीं, मरणाऱ्या माणसाशीं मी खोटें बोललों. सत्य हा ज्याच्या अभ्यासाचा विषय, त्यानें आपणांस न पटणारी गोष्ट पटल्याच्या स्वरांत ऐकवावी. आणि तीहि ज्याला उलट विचारण्याची शक्ति उरलेली नाहीं अशा माणसाला! एका स्नेह्याजवळ मीं हें बोलून दाखविलें. तो म्हणाला, "अहो, वडिलांना बरें वाटलें ना? मग झालें तर!" पण बरें वाटणें हेंच माप धरलें तर कोणतेंहि गोड असत्य खपून जाईल, तें मला मान्य नव्हतें आणि अजून नाहीं. पास्कालनें दाखविलेला मार्गहि मला बंद आहे. तो म्हणतो, विश्वास नसेल तर विश्वास असलेल्या लोकांप्रमाणें वागूं लागा, त्यांचे विधि करा, विश्वास मागून येईल. सात दिवस मीं तसें वागलों. मागून कांहीं आलें नाहीं.

त्या नाट्यगृहांत तें ओलसर पुस्तक हातांत धरून उभा असतां मला प्रथमच असें वाटलें कीं, मी प्रश्नच चुकीचा विचारीत आलों आहें. स्वॅगर्ट, मी, आणि एका परीनें ऑगस्टीनहि, आम्ही सारे एकच गोष्ट शोधीत होतों: शब्दांच्या मागें मनांत काय आहे? जणुं मन ही एक पेटी असून भक्ति तींत नाणें असावें तशी असते किंवा नसते. समोरचे ते चौघे जें करीत होते तें कोणाला नाणें उघडून दाखविणें नव्हतें. दिलेला शब्द पाळावा तसलें तें कांहीं होतें. शब्द पाळणाऱ्याला त्या दिवशीं मनापासून वाटत होतें कीं नाहीं याची आपण चौकशी करीत नाहीं. तो आला कीं नाहीं एवढेंच पाहतों. मायकेल स्वीटला कांहीं रात्रीं आपल्या गाण्यांतला देव जवळ वाटत असेल, कांहीं रात्रीं फार दूर. तें जाणण्याचा हक्क मला तिकिटाच्या पैशांत मिळालेला नाहीं. मला दिसलें तें एवढेंच कीं, साठी उलटलेला माणूस वरच्या स्वरापाशीं थांबतो, खालच्या स्वरावर निभावून नेण्याची सोय असते, आणि तो वर जातो.

यावर कोणी म्हणेल, मग दंभ आणि भक्ति यांत फरक तो काय उरला? दांभिकहि रोज येतोच कीं! हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. फरक आहे, पण तो मला शब्दाच्या मागें दिसत नाहीं. शब्द कोणासाठीं उच्चारला यांत दिसतो. दांभिकाचें नामस्मरण फिरून त्याच्या स्वतःकडेच येतें. रंगमंचावरच्या माणसाला हें माप लावणें कठीण आहे हें मला कळतें, कारण लोकांनीं पाहावें हाच त्याचा धंदा. तेथें निकाल देण्यास मी धजत नाहीं. स्वतःपुरतें मात्र कांहीं सांगतां येईल. वडिलांच्या उशाशीं माझ्याकडे पाहणारें कोणी नव्हतें. ते स्वतःहि डोळे मिटून पडलेले असत. मीं त्यांना माझा विश्वास सांगत नव्हतों. त्यांचाच विश्वास त्यांना वाचून दाखवीत होतों, कारण त्यांना आतां तो उच्चारतां येत नव्हता. माझ्या मनांत काय आहे तें त्यांना पंचवीस वर्षें ठाऊक होतें. तरी पोथी त्यांनीं माझ्याच हातीं दिली. आणि ती टिचकी, मला वाटतें, माझ्या श्रद्धेची परीक्षा नव्हती. नांव गळूं नये, एवढाच तिचा अर्थ होता. या विचारानें माझें पूर्ण समाधान झालें आहे असें मात्र नाहीं. कधीं रात्रीं जाग आली म्हणजे जुना आरोप पुन्हां उभा राहतो, आणि त्याचें वकीलपत्र घेणाराहि मीच असतों.

जलसा संपतांना ते चौघे रंगमंचाच्या कडेशीं आले आणि एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून त्यांनीं थोडकी प्रार्थना केली. वाद्यें थांबलीं होतीं, तेव्हां शब्द नीट ऐकूं यावयास हवे होते. पण माझे कान तोंवर कामांतून गेले होते. बारमधला पोरगा पेले पुशीत होता तो क्षणभर थांबला, मग पुन्हां पुसूं लागला.

घरीं परततांना मोटारींत बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग जांवयांनीं विचारलें, "बाबा, तुम्हीं तें पुस्तक कपाळाला कां लावलेंत?"

"खालीं पडलें होतें," मी म्हणालों.

ते हंसले. "आमची आजीहि लावायची. नगरला घरांत बायबल कोणाच्या हातून पडलें तर आधीं कपाळाला लावायचें, मग जागेवर ठेवायचें. हें असें फेकतांना पाहिलें असतें तर तिनें या लोकांना चांगलें फैलावर घेतलें असतें."

सात वर्षांत प्रथमच मीं त्यांना त्यांच्या आजीविषयीं विचारलें. ती कोणते अभंग म्हणत असे, आणि कोणत्या चालीवर. त्यांनीं एक अभंग हलक्या आवाजांत म्हणून दाखविला. माझ्या कानांत अजून ढोल घुमत होते. निम्मे शब्द मला कळले नाहींत. मीं त्यांना तो पुन्हां म्हणावयास सांगितलें.